'झार' ही पदवी रोमची की खानांची?

वाचनवेडा:
झार हा शब्द सीझरवरून आला, म्हणजे मॉस्कोचे राजे स्वतःला रोमचे वारस समजत, हे वाचून वाचून कंटाळा आला. व्युत्पत्ती बरोबर, निष्कर्ष घाईचा. रशियन लोक बायझंटाइन सम्राटाला झार म्हणत, तसंच रशियावर हुकूमत गाजवणाऱ्या गोल्डन होर्ड या मंगोल-तातार सत्तेच्या खानालाही. मॉस्कोचा राजा नुसता 'वेलिकी क्न्याझ' म्हणजे थोर राजपुत्र, खानाला खंडणी देणारा. माझ्या मते इव्हान चौथ्याने ही पदवी घेतली ती खानाच्या बरोबरीने बसायला. १५५२ मध्ये कझान आणि १५५६ मध्ये आस्त्राखान ही तातार खानांची राज्यं घेतल्यावर त्याचे वकील पोलंड-लिथुआनियाला हेच ऐकवत होते: या गाद्या मुळातच झारांच्या, आता त्या आमच्याकडे आहेत.

सांजवारा:
सनावळी बघा की राव! राज्याभिषेक १६ जानेवारी १५४७ चा, कझान पडायच्या पाच वर्षं आधीचा. तो केला रशियन चर्चचा प्रमुख मेट्रोपॉलिटन माकारी याने, बायझंटाइन विधीच्या धर्तीवर. १५६१ मध्ये पदवीला मान्यता आली तीही कॉन्स्टँटिनोपलच्या पॅट्रिआर्क या ऑर्थोडॉक्स धर्मगुरूकडून. शिवाय स्लाव्हिक बायबलात दावीद आणि शलमोन हे राजेही झारच.

वाचनवेडा:
आणि त्या अभिषेकातली 'मोनोमाखची टोपी' हा मुकुट? म्हणे सम्राट कॉन्स्टंटाइन मोनोमाखने ती कीव्हच्या व्लादिमीरला पाठवली. सम्राट वारला १०५५ मध्ये, तेव्हा व्लादिमीर दुपट्यात होता! अनेक अभ्यासक ते सोनारकाम मध्य आशियातलं मानतात.

सांजवारा:
असेल तातारी. पण खोटे कागद माणूस ज्या घराण्यात शिरायचं असतं त्याचेच करतो. खानांचा वारसा हवा असता तर चंगीझ खानापर्यंत वंशावळ नेली असती. नेली कुठे? थेट रोमन सम्राट ऑगस्टसपर्यंत!

चहाबाज:
पीटर द ग्रेटला दोघंही विसरलात. त्याने १७२१ मध्ये 'इम्पेरातोर' (सम्राट) ही लॅटिन पदवी घेतली. झार म्हणजे सम्राटच, हे युरोपला पटलं असतं तर हा खटाटोप कशाला? पुढच्या लांबलचक बिरुदावलीत झार उरला तो कझानचा, आस्त्राखानचा, सायबेरियाचा. वाचनवेडा, +१.

सांजवारा:
त्याच बिरुदावलीत पुढे पोलंडचा आणि जॉर्जियाचाही झार आला. तिथे कुठला खान होता? आणखी एक. १५७५ मध्ये इव्हानने स्वतः बाजूला होऊन चंगीझवंशी सिमेओन बेकबुलातोविचला गादीवर बसवलं. दिलं काय? 'वेलिकी क्न्याझ' हे पद! रक्तानेच झार ठरत असता तर याच्याइतका लायक दुसरा कोण होता?

वाचनवेडा:
अहो, पण हाच माणूस बाप्तिस्मा घेण्याआधी साइन-बुलात नावाने मॉस्कोच्या अंकित कासिमोव्हचा खान होता, आणि तेव्हा मॉस्को त्याला झारच म्हणत होती. स्वतःचा नोकर असलेल्या खानाला!