दोन मॉडेल एका कागदावर: दुसरी आकृती मोठी का होते?

कोळसाकांडी:
हाफ इंपीरियल कागद (साधारण १५ × २२ इंच), चारकोल. एक मॉडेल स्टुलावर बसलेली. दुसरी तिच्या मागे, जरा उजवीकडे उभी, हात बसलेलीच्या खांद्यावर. आधी बसलेली पूर्ण करून मग उभी घेतली की तिचं डोकं कागदाबाहेर जातं, नाहीतर हात खांद्यापर्यंत पोचतच नाही. एकटी आकृती नीट येते. मी बसलेलीपासून ६ फुटांवर.

ओळंबा:
आधी बसलेली पूर्ण करता, घोळ तिथेच आहे. दोघींचा मिळून एकच आकार धरा. उभीची टाळू, सर्वांत पुढचं पाऊल, डावं-उजवं टोक एवढ्याच खुणा आधी करा. मग हात ताठ, एक डोळा मिटून, पेन्सिलीवर बसलेलीचं डोकं मोजा आणि त्याच मापानं दुसरीचंही. ते लहानच भरेल. मन मात्र दोन्ही डोकी सारखी काढायला लावतं. त्यानंतर लगेच हात खांद्याला टेकतो ती जागा. उभीचा हात, तिची कूस आणि बसलेलीचं डोकं यांच्यामधली रिकामी फट वेगळा आकार म्हणून काढा. फट जुळत नसेल तर एक आकृती सरकलीय. चेहरे शेवटी.

तिरपी रेघ:
६ फूट फारच जवळ. पुढची ६ आणि मागची ८ फुटांवर असेल तर मागचीचं डोकं पाऊणपट दिसतं. १२ आणि १४ फुटांवर तेच सुमारे ८६ टक्के. शिवाय जवळून उभी एका नजरेत मावत नाही. मान वरखाली होते आणि पाय एका कोनातून, डोकं दुसऱ्या कोनातून उतरतं. मॉडेलच्या उंचीच्या निदान दुप्पट मागे जा, तिप्पट उत्तम.
स्टुलावर बसून काढत असाल तर बसलेलीचे डोळे आणि उभीची छाती साधारण तुमच्याच नजरेच्या पातळीत येतात. ती आडवी रेघ आधीच मारून ठेवा.

खडू-टेप:
विश्रांतीआधी चारही पावलं आणि स्टुलाचे पाय खडूनं आखा, दोघींना दोन रंग. उभीचा खांदा दहाएक मिनिटांत उतरतो, म्हणून तो हात पहिल्या पोझमध्येच. दिवा एकच ठेवा. उभीची सावली बसलेलीवर पडत असेल तर दोघींचा गडद भाग एकाच दमात भरा, नाहीतर आकृत्या कापून चिकटवल्यासारख्या दिसतात.

कोळसाकांडी:
मागे भिंत आहे, फार तर ८ फूट मिळतील.

तिरपी रेघ:
मग पूर्ण उंचीचा हट्ट सोडा, उभीच्या मांडीपर्यंतच घ्या.