आत्याच्या माजघरातली लक्ष्मी कुणी बदलली? (तपासात मदत हवी)

उंबरठा:
मंडळी, प्रकरण घरातलं आहे, त्यामुळे गाव तेवढं सांगते: वाई.

माझी आत्या ८४ वर्षांची. तिच्या सासरच्या वाड्यात माजघरात रविवर्म्याची लक्ष्मी आहे, कमळावर उभी असलेली, सगळ्यांनी पाहिलेली असते तीच. दिवाळी झाल्यापासून आत्यानं एकच धोशा लावलाय, "ही आपली लक्ष्मी नव्हे." आतेभाऊ म्हणतो, ऑगस्टमध्ये मोतीबिंदू काढला ना, तेव्हापासून तिला निळं जास्तच निळं दिसतंय. तसं होतं म्हणे, डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. वहिनी म्हणते, "आईंना हल्ली फार विसर पडतो." हीच आत्या माझ्या बारशाला कुणी काय आहेर केला ते अजून घडाघडा सांगते. त्यातल्या दोघांनी काहीच केला नव्हता, हेही.

मी बँकेतून निवृत्त झालेली बाई. चेकवरच्या सह्या पडताळण्यात उभी हयात गेली. तेव्हा म्हटलं, राहू चार दिवस आणि बघू.

भिंतीचा ऑइलपेंट धुरानं पिवळा पडलाय. पण फ्रेमच्या दोन्ही बाजूंना बोटभर आणि खाली दोन बोटं फिकट पट्टा दिसतो. म्हणजे आधीची फ्रेम मोठी होती. आत्या म्हणते, तिच्या आजेसासूबाईंनी लक्ष्मीच्या पदराला जर आणि टिकल्या लावल्या होत्या. या चित्रात औषधालाही टिकली नाही. आणि मुख्य म्हणजे कुंकू. दर लक्ष्मीपूजनाला काचेवर देवीच्या पायांपाशी बोट लावायचं, आणि काच पुसताना तेवढी जागा सोडायची, असा या घरातला रिवाज. तिथे नाणं चिकटवल्यासारखा थर होता, तो मीही लहानपणी नखानं खरवडून मार खाल्लाय. आता काच लख्ख.

घरच्यांना दिसलं कसं नाही, असं विचाराल. माजघरात दिवसा दिवा लावत नाहीत, आणि रोज दिसणारं चित्र कोण बघतं?

संशयित भरपूर. नातू गणपतीपासून "आजी, ओरिजिनल असेल तर कोटीत जाईल" म्हणत फिरतोय. वायरिंगवाला दोन दिवस माजघरात एकटा होता. न्यू जर्सीच्या शाखेनं तर व्हॉट्सॲपवर वाटणी करून टाकलीये.

प्रश्न एवढाच: चित्र जुनं छापील, नवं छापील की हातानं काढलेलं, हे घरच्या घरी कसं ओळखायचं?

दगडछाप:
सोनाराकडचं भिंग मागून आणा, दहापट मोठं दाखवणारं.

रविवर्म्यानं १८९४ मध्ये गिरगावात छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला नेला. नंतर श्लायशर नावाच्या जर्मन तंत्रज्ञानं तो विकत घेतला. १९७२ मध्ये आग लागून बरंच काही गेलं. तिथली चित्रं शिळाछापाची. प्रत्येक रंगाला वेगळा दगड, आणि दगडावरचे ठिपके कारागिरानं हातानं मांडलेले. त्यामुळे भिंगातून ते लहानमोठे, वेडेवाकडे दिसतात. आजच्या ऑफसेट छपाईत चारच रंग आणि ठिपके आखलेल्या जाळीत. तैलचित्रात ठिपकेच नाहीत, कुंचल्याचे फटकारे दिसतात. मात्र वरच्या चकाकीला फसू नका. जुन्या छापांवर व्हार्निश चढवत, कॅनव्हासची वीणसुद्धा उठवत.

खालच्या कडेला छापखान्याचं नाव असतं, ते बहुतेक वेळा फ्रेमखाली दडलेलं. टिकल्याजर लावायची हौस त्या काळी घरोघर होती, त्यामुळे आत्यांवर माझा विश्वास आहे.

न्यू जर्सीला कळवा: रविवर्म्याची मूळ चित्रं १९७९ पासून राष्ट्रीय कलाठेवा आहेत. देशाबाहेर नेता येत नाहीत.

पोहेवाला:
माझं मत वायरिंगवाल्याला. कथेत तो दुसऱ्या परिच्छेदात आला की चोर तोच असतो.

जाता जाता, आमच्याकडेही रविवर्मा आहे. हातात समई, ज्योतीपुढे तळहात धरलेली बाई. आता तिच्यावरही पहारा बसवतो.

गंगावेस:
पोहेवाले, बसवा पहारा, पण नाव बदलून. ते चित्र सावळाराम हळदणकरांचं, आपल्या सावंतवाडीचे. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे आणि ते जलरंगातलं आहे. पुढ्यात उभी होती ती त्यांची मुलगी गीता, म्हणजे आमच्या कोल्हापूरच्या गीताताई उपळेकर. २०१८ मध्ये शंभरी ओलांडून गेल्या. रविवर्मा वारला १९०६ मध्ये, तेव्हा गीताताईंचा जन्मही झाला नव्हता. आरोपी घटनास्थळी नव्हता याचा याहून भक्कम पुरावा तुमच्या वायरिंगवाल्याकडेही नसेल.

पोहेवाला:
बाबांना सांगायची हिंमत नाही. ते पाहुण्यांना चहाआधी तो रविवर्मा दाखवतात.

उंबरठा:
तपास संपला. सविस्तर लिहिते.

सोनारानं भिंग दिलं, "पुन्हा आणून द्या हं" असं तीनदा बजावून. पदराच्या घडीवर धरलं तर निळे, गुलाबी, पिवळे, काळे ठिपके, शाळेच्या कवायतीसारखे रांगेत. चित्र नवंकोरं.

मग खाली वाकले. चित्राखाली मोठा पेटारा आहे. त्याच्या मागे हात घातला आणि बोटाला टोचलं. नखाएवढी काच, तिच्या एका अंगाला वाळून काळपट पडलेलं कुंकू. म्हणजे फ्रेम नेली नाही, इथेच पडली. आणि दिवाळीच्या तोंडावर भिंतीजवळ लांब दांडा घेऊन कोण असतं?

संध्याकाळी वहिनी मेथी निवडत होती. मीही एक जुडी ओढली आणि विचारलं, "बाकीची काच कुठे टाकलीस गं?" तिनं मान वर केली नाही. देठंच खुडत राहिली. पानं ताटाबाहेर आणि देठं ताटात पडायला लागली, तेव्हा म्हणाली, "कोळिष्टकं काढताना कुंच्याचा दांडा लागला. घरात रोज कोटी-कोटी चाललेलं. ह्यांना काय तोंड दाखवू?" पुण्याला जाऊन साडेतीनशे रुपयांत तयार फ्रेम घेऊन आली होती. खिळा तोच, लक्ष्मी नवी.

खरी माळ्यावर होती, जुन्या पिंपामागे, आत्याच्याच विटक्या नऊवारीत गुंडाळलेली. जर हिरवट काळी पडलीये, टिकल्या निम्म्या गळल्यात, पण उरलेल्या अजून लुकलुकतात. भिंगाखाली ठिपके असे, की थरथरत्या हातानं कुणी रांगोळी घालावी. फ्रेम सोडवल्यावर खालच्या कडेला इंग्रजी अक्षरं निघाली: रवि वर्मा प्रेस, कार्ला. छापीलच. नातवाचा चेहरा बघण्यासारखा झाला. न्यू जर्सीहून अंगठासुद्धा आला नाही.

आता हिला पुन्हा लावायची कशी? कागदाला उजव्या कोपऱ्यात चीर गेलीये.

दगडछाप:
सेलोटेप लावू नका आणि कुणी लॅमिनेशन सुचवलं तर त्याला वाड्याबाहेर काढा. टिकल्या सुट्या झाल्या असतील तर पाकिटात जपून ठेवा, घरी चिकटवू नका. फ्रेमवाल्याला सांगा, मागे आम्लरहित पुठ्ठा हवा, आणि काच चित्राला टेकता कामा नये, मध्ये माउंट घाला. चिरेसाठी मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या जतन केंद्रात विचारून बघा.

गंगावेस:
ते सगळं ठीक. आत्यांना चोर सांगितलात का?

उंबरठा:
नाही. तिनं विचारलंच नाही. चित्र खाली आणलं तेव्हा तिनं नऊवारीची घडी घातली, टिकल्यांवरून बोट फिरवलं आणि कनवटीचे दोनशे काढून सरळ वहिनीच्या हातात ठेवले. म्हणाली, "काच जाड बसव गं या खेपेला."

नवीचं काय करायचं विचारलं तर म्हणे, लक्ष्मीला कुणी घराबाहेर काढतं का? ती आता स्वयंपाकघरात आहे. शुक्रवारी तिलाही कुंकू लागलं.