कोल्हापुरी चप्पल परदेशात पाठवताना : दर किती धरावा, माल कुठे अडतो?

पंचगंगाकाठ :
नमस्कार मंडळी. नेदरलँड्समधल्या एका छोट्या दुकानाने हातशिलाईच्या कोल्हापुरीचे ६० जोड मागितले आहेत. कारागिराकडून जोड १,४०० रुपयांना पडतो. दुकानदाराचे म्हणणे, ‘ऑनलाइन १५ युरोला मिळते, त्याच्या जवळपास बसवा.’ जून २०२५ मध्ये प्राडाच्या मिलानच्या शोमध्ये याच घाटाची चप्पल दिसली, तेव्हापासून चौकशा वाढल्यात. दर कसा सांगावा आणि माल कशामुळे अडतो? कारागिराचा दर पाडायचा नाही, एवढे पक्के.

वादीटाका :
१५ युरोशी तुलनाच करू नका. तो माल बहुधा रबरी तळाचा आणि चिकटवलेला असतो. दुकानदाराला चप्पल उलटी करून फोटो पाठवा. दोन तळांच्या मध्ये बसवलेला कान (पट्टा धरणारी बाजूची पट्टी) आणि कडेने चामड्याच्याच वादीने घातलेले टाके दिसू द्या. टाक्यांतले अंतर किंचित कमी-जास्त असते, खिळा कुठेच नसतो. हा एक फोटो पानभर वर्णनापेक्षा जास्त काम करतो.

हिशेब असा मांडा : जोड १,४००, पेटी-पिशवी-लेबल १२०, नापास जोडांपोटी ११०, चामड्याच्या रसायन-चाचणीचा वाटा १००. झाले १,७३०. विक्रीदरात तुमचा खर्च आणि नफा मिळून ३५ टक्के धरा, म्हणजे १,७३० भागिले ०.६५, साधारण २,६६०. भाडे वेगळे. युरो १०० रुपयांचा धरला तर घाऊक दर २६-२७ युरो. दुकानदार त्यावर भाडे, जकात, आपला दुप्पट भाव आणि तिथला २१ टक्के व्हॅट लावेल, म्हणजे गिऱ्हाइकाला ८० च्या आसपास पडेल. हाताच्या कामाला हा भाव रास्त आहे. तो देणारे गिऱ्हाईक नसेल, तर ते दुकान तुमच्या मालाचे नाही.

बाभूळसाल :
माल खरा अडतो तो रसायनांवर. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेल्या चामड्यात क्रोम नसते, पण पट्ट्याला किंवा वेणीला बाजारातले क्रोम-कमाईचे चामडे लावले की पंचाईत होते. युरोपीय संघात अंगाला लागणाऱ्या चामड्यात षट्संयुजी क्रोमियम (क्रोमचे घातक रूप) किलोमागे ३ मिलिग्रॅमच्या आत लागते. बंदी असलेल्या अॅझो (एक प्रकारचे कृत्रिम) रंगांतून सुटणाऱ्या घातक अमाइन्सची मर्यादा किलोमागे ३० मिलिग्रॅम. चाचणीचा खर्च प्रत्येक चामडे आणि प्रत्येक रंगामागे वाढतो, म्हणून पहिल्या खेपेला दोनच रंग ठेवा : नैसर्गिक आणि गडद तपकिरी. नमुना तयार मालातूनच काढा, कारण चाचणीपुरते वेगळे चामडे दिले तर अहवालाला काही अर्थ उरत नाही.

बुरशी रोखणारी पुडी पेटीत टाकताना ती फक्त सिलिका जेलचीच आहे ना, ते बघा. डायमिथिल फ्युमरेट या बुरशीनाशकाच्या पुड्यांना युरोपात बंदी आहे. पावसाळ्यात शिवलेली चप्पल तशीच बंद केली तर पुडीही तिला वाचवत नाही. आधी सावलीत, वाऱ्यावर आठवडाभर सुकवा. उन्हात ठेवली तर तळ वाकतो आणि कान उचलतो.

आणखी एक. करकर वाजावी म्हणून काही कारागीर तळात विंचवाचे (विंचू नावाच्या झुडपाचे) बी घालतात. आवाज सुरेख येतो, पण ऑस्ट्रेलियासारख्या देशांत बियांची तपासणी फार कडक असते. परदेशी मालात बी नकोच, हे आधीच सांगून ठेवा.

बंदरबाबू :
कागदांपुरते सांगतो. आयईसी (आयात-निर्यात क्रमांक) घ्या, बँकेचा एडी कोड (परकीय चलन व्यवहाराचा अधिकृत शाखा-क्रमांक) सीमाशुल्काकडे नोंदवा, जीएसटीत एलयूटी (कर न भरता निर्यात करण्याचे हमीपत्र) भरा. एचएस वर्गीकरणात (जकातीसाठी मालाचे आंतरराष्ट्रीय क्रमांक) ६४०३.२० हे शीर्षक चामड्याचा तळ, पायावरून जाणारा पट्टा आणि अंगठा अशाच चप्पलचे आहे, तेच टाका. युरोपसाठी वरचा भाग, अस्तर-आतला तळ आणि बाहेरचा तळ कशाचा आहे, ते दाखवणाऱ्या खुणांचे लेबल किमान एका पायावर लागते.

पेटीच्या मापाकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. कुरिअर लांबी × रुंदी × उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५,००० ने भागते. ३२ × २२ × १२ ची पेटी १.६९ किलोची धरली जाते, ३० × २० × ८ ची ०.९६. चप्पल तीच, भाडे मात्र पाऊणपट वाढते. पुढे सुटे जोड पाठवायचे असतील तर डाकघर निर्यात केंद्र बघा.

पंचगंगाकाठ :
खूप आभार. ‘कोल्हापुरी’ नाव लेबलवर बिनधास्त लावता येते का? आणि अमेरिका?

वादीटाका :
या नावाचे जीआय (भौगोलिक मानांकन) कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातल्या बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर या जिल्ह्यांपुरते आहे. नोंदणीचे मालक लिडकॉम आणि लिडकार, म्हणजे महाराष्ट्र आणि कर्नाटकची सरकारी चर्मोद्योग महामंडळे. कारागिराची अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करून घ्या. भारतातली नोंद परदेशात आपोआप लागू होत नाही. युरोपीय संघात हस्तकलेच्या जीआयची स्वतंत्र नोंदणी १ डिसेंबर २०२५ पासून सुरू झाली आहे.

बंदरबाबू :
अमेरिकेत ८०० डॉलरपर्यंतची जकातमाफी २९ ऑगस्ट २०२५ पासून बंद झाली आहे. एका जोडालाही जकात लागते, ती कोण भरणार ते ऑर्डर घेतानाच लिहून घ्या. आणि माप नंबरात न मागता पायाची लांबी सेंटिमीटरमध्ये मागा, परत येणारे जोड तिथेच कमी होतात.