नाइटबॉटची कमांड ' (एकेरी अवतरण) आला की सिंटॅक्स एरर देते. दुरुस्ती सुचवा

धागाकर्ता:
नाइटबॉट म्हणजे लाइव्ह चॅटमध्ये कमांडला आपोआप उत्तर देणारा बॉट. त्यात प्रेक्षकाने !निवड लाल|निळा|हिरवा असं लिहिलं की त्यातला एक पर्याय सांगणारी कमांड आहे. कोड असा (इथे देवनागरीत लिहिला आहे, मूळ रोमन लिपीत आहे):

$(इव्हॅल कॉन्स्ट यादी = '$(क्वेरी)'.स्प्लिट('|'); यादी[मॅथ.फ्लोअर(मॅथ.रँडम()*यादी.लेंग्थ)])

एरवी चालते, पण पर्यायात ' आला की एरर. शिवाय हाच कोड फोनवर टाइप करून चॅटमधून घातला, तर पहिल्या वापरापासूनच एरर. कारण एकच आहे का? शोध कुठून सुरू करावा?

प्रतिसाद १:
कारणं दोन आहेत. ' चं आधी सांगतो, कारण तेच जास्त घातक आहे.

बॉट आधी $(क्वेरी) काढून तिथे प्रेक्षकाचा मजकूर जसाच्या तसा बसवतो. त्यानंतर तयार झालेली ओळ जावास्क्रिप्ट म्हणून चालते. कोणी कॅन'ट|कॅन लिहिलं की ओळ 'कॅन'ट|कॅन' अशी होते. मजकूर 'कॅन' पाशीच संपतो आणि पुढचा ट उघडा पडतो. याच फटीतून प्रेक्षक स्वतःचा कोडही घुसवू शकतो आणि बॉटच्या तोंडी हवं ते घालू शकतो, म्हणून हे आधी बुजवा.

' ऐवजी " किंवा बॅकटिक (`) लावून प्रश्न सुटत नाही, प्रेक्षकाने तेच चिन्ह लिहिलं की पुन्हा तेच. क्वेरी ऐवजी क्वेरीस्ट्रिंग घ्या, ती एन्कोड होऊन, म्हणजे बहुतेक चिन्हं संकेतांत बदलून, येते:

कॉन्स्ट यादी = डिकोडयूआरआयकंपोनंट("$(क्वेरीस्ट्रिंग)").स्प्लिट("|");

बाहेर दुहेरी अवतरणच हवं. एन्कोड करताना " चं %२२ होतं, पण ' बहुधा तसाच राहतो.

प्रतिसाद २:
फोनचं कारण जवळजवळ नक्की वळणदार अवतरणं. कीबोर्ड सरळ ' आणि " बदलून ‘ ’ “ ” घालतो, आणि जावास्क्रिप्टला ती चालत नाहीत. "इनव्हॅलिड ऑर अनएक्सपेक्टेड टोकन" असा संदेश असेल तर आधी हेच बघा. आयफोनवर सेटिंग्ज, जनरल, कीबोर्ड इथे जाऊन स्मार्ट पंक्चुएशन बंद करा. त्यानेच दोन उणे चिन्हांची एक लांब रेघही होते. वेबपानावरून किंवा वर्डमधून चिकटवलेल्या कोडमध्येही हीच भानगड असते, त्यामुळे शंका आली की सगळी अवतरणं हाताने पुन्हा टाइप करा.

"अनएक्सपेक्टेड एंड ऑफ इनपुट" आला तर कंस बंद झालेला नाही. चॅटमधून कमांड घालताना लांबीही मोजा: ट्विचवर एका संदेशात ५०० अक्षरं, यूट्यूब लाइव्हवर २००. लांब कोड डॅशबोर्डवरूनच घाला.

आणखी एक: संपादकात पाच ओळींत लिहिलेला कोड कमांडमध्ये एका ओळीत येतो. मग // टिप्पणी पुढचं सगळं गिळते, आणि ओळ तुटते तिथे न दिलेला अर्धविराम नडतो. टिप्पण्या काढा, प्रत्येक विधानानंतर ; द्या.

प्रतिसाद १:
शोधायची पद्धत: $(क्वेरीस्ट्रिंग) च्या जागी ठरावीक मजकूर लिहा, बाहेरचं $(इव्हॅल आणि शेवटचा कंस काढा, उरलेलं ब्राउझरच्या कन्सोलमध्ये (एफ१२) चालवा. तिथे चाललं आणि बॉटमध्ये नाही, तर दोष बाहेरच्या आवरणात किंवा आत येणाऱ्या मजकुरात. तिथेही नाही चाललं, तर शेवटून एकेक विधान काढत चला. संदेश दाखवतो ती जागा बहुधा चुकीच्या नंतरची असते, म्हणून खुणेच्या डावीकडे वाचा.

धागाकर्ता:
दोन्ही दुरुस्त झालं. आता एक वेगळंच: काहींना एका पर्यायाऐवजी अख्खी यादी परत मिळते. एरर नाही.

प्रतिसाद २:
त्यांनी | ऐवजी देवनागरी कीबोर्डवरचा दंड । टाइप केला असणार. दिसायला सारखे, पण अक्षरं वेगळी, म्हणून तुकडेच पडत नाहीत. स्प्लिट(/[|।]/) करा, दोन्ही चालतील. तुकड्यांभोवतीच्या मोकळ्या जागा ट्रिमने काढा.

पुढे आकडा घेणारी कमांड केलीत तर हेच ६ बाबत होईल. जावास्क्रिप्टला देवनागरी अंक संख्या म्हणून कळत नाहीत, नंबर("६") चं उत्तर "नॅन" (म्हणजे 'संख्या नाही') येतं. आधी बदलून घ्या:

रिप्लेस(/[०-९]/g, अंक => "०१२३४५६७८९".इंडेक्सऑफ(अंक))

यात ० ते ९ देवनागरीतच ठेवायचे, आणि क्रम चुकवायचा नाही.