कोरड्यास : इथिओपियातल्या जेवणाला हा शब्द चालेल का?

केमिस्ट_लातूर

नमस्कार मंडळी. एका शब्दावरून संपादकांशी माझं वाजलंय, म्हणून इथं विचारतोय.

नोकरी साखर कारखान्यातली. त्यातली काही वर्षं इथिओपियात गेली. (तिकडचा साखरधंदा नवा नाही. वोंजीचा कारखाना डच कंपनीनं १९५४ साली सुरू केलेला.) तिथल्या खाण्यापिण्यावर एका दिवाळी अंकाला लेख दिला. त्यात लिहिलं होतं : 'ताटभर इंजेरा पसरतात आणि तिच्यावर चार-पाच कोरड्यासं वाढतात.' प्रूफ आलं तर 'कोरड्यासं' खोडून 'करी' केलेलं. कारण असं दिलं की वाचकाला कळणार नाही, आणि पदार्थ ओला असताना 'कोरड्यास' म्हटलं की गोंधळ होतो.

माहीत नसलेल्यांसाठी : इंजेरा म्हणजे टेफ नावाच्या धान्याची आंबवलेली, मऊ, मोठी चकती. टेफचा दाणा खसखशीहून फार मोठा नसतो. पीठ भिजवून दोन-तीन दिवस आंबवतात. मागच्या पिठावर जे पिवळसर आंबट पाणी सुटतं त्याला एर्शो म्हणतात, ते नव्या पिठात विरजणासारखं घालतात. मितद नावाच्या मोठ्या मातीच्या तव्यावर पीठ बाहेरून आत गोल गोल ओतायचं आणि झाकण ठेवायचं. उलटायची नाही. खालून गुळगुळीत, वरून जाळीच जाळी. तीवर वोत, म्हणजे तिथला दाटसर रस्सा, वाढतात : मसुराचं, कोंबडीचं, कधी नुसतं शिरो, म्हणजे भाजलेल्या डाळीच्या पिठाचं. सगळे एकाच ताटाभोवती बसतात, उजव्या हातानं इंजेराचा तुकडा तोडतात आणि त्यातच वोत उचलतात. चमचा नाही.

आता सांगा, या वोतला करी म्हणायचं की कोरड्यास?

मांजराकाठ

कोरड्यासच. डोळे झाकून.

शब्द 'कोरडा'पासून आलाय यात शंका नाही, पण तो पदार्थाचं वर्णन करत नाही. कोरडी काय असते? भाकरी. त्या कोरड्याला लावून खायला जे ओलं लागतं ते कोरड्यास. आमच्या घरी आई चुलीपुढून विचारायची, 'भाकरी झाली, कोरड्यास काय करू?' उत्तरात वरण येऊ शकतं, हुलग्याची पातळ आमटी, शेपूची पातळ भाजी, नाहीतर नुसतं पिठलं. पदार्थ कोणता ते ठरलेलं नसतं, त्याचं काम ठरलेलं असतं.

करी या शब्दात हे काम कुठंच येत नाही. करी भाताबरोबर, पावाबरोबर, नुसती वाटीतून, कशीही खातात. वोत इंजेराशिवाय कुणी खातं का? नसेल खात तर मिटलं.

केमिस्ट_लातूर

नाही खात. वोत शिजतच असते ती इंजेरासाठी.

पेठेतला

एक शंका. आमच्याकडे असा शब्द ऐकला नाही. मला खरंच वाटलं कोरडी भाजी असणार, बटाट्याच्या काचऱ्या वगैरे. संपादकांचा मुद्दा अगदीच चूक नाही. आणि 'कालवण' आहे की, ते सगळ्यांना कळतं.

मांजराकाठ

कालवण कळतं, पण ते कालवून खायचं. भात कालवा, भाकरी चुरून कालवा. किनाऱ्याकडं कालवण म्हटलं की माणूस मासे शोधायला लागतो. इंजेरात कालवत नाहीत, तुकड्यानं उचलतात. म्हणून कालवण नको.

वाचकाला कळणार नाही हा मुद्दा मला पटत नाही. इंजेरा, वोत, मितद हे तरी कुठं कळत होतं? ते तीन परदेशी शब्द पचतात आणि लातूरचा एक पचत नाही?

परळीची_सून_सोल

मी दक्षिण कोरियात राहते, म्हणून जरा वेगळं. इथं जेवायला बसलं की टेबलाच्या मध्ये सात-आठ छोट्या वाट्या येतात : किमची, तिळाच्या तेलातलं पालक, मोड आलेलं सोयाबीन, सुकी मासळी. याला बांचान म्हणतात. संपलं की पुन्हा आणून देतात, त्याचे वेगळे पैसे नसतात. पहिल्यांदा सासूबाई आल्या तेव्हा त्या म्हणाल्या, 'ही सगळी कोरड्यासं का गं?' मी नाही म्हटलं. त्याला आपल्याकडं तोंडी लावणं म्हणतात. ठेचा, लोणचं, शेंगदाण्याची चटणी, कांदा यांच्या रांगेतलं.

पण तिथंच मातीच्या भांड्यात उकळत येणारी जिगे असते, सोयाबीनच्या आंबवलेल्या वाटणाची. ती भाताबरोबर खातात. सासूबाई तिलाही कोरड्यास म्हणाल्या. भातासोबत चालतं का हा शब्द?

मांजराकाठ

ओढून ताणून चालेल ताई. भाताला आमच्याकडं वरण असतं. कोरड्यास म्हटलं की माझ्या डोळ्यापुढं भाकरी येते. सासूबाईंना चूक म्हणायची मात्र माझी छाती नाही.

नांदेडी_दखनी

तुम्ही लोक इतकं झगडायलात, आमच्या दखनीत शब्द तयार आहे : सालन. आज सालन काय, असं विचारतात, अगदी तुमच्या 'कोरड्यास काय' सारखं. रोटी आहेच, तिला ओलं काय ते सांगा. संभाजीनगरचा नान-खलिया घ्या. नान कोरडी, खलिया तिचं सालन. तुघलकाच्या फौजेबरोबर दौलताबादेला आला असं तिकडं सांगतात. खरं-खोटं देवाला ठाऊक, पण जोडी तशीच टिकलीय.

उमऱ्याला गेलो तेव्हा मक्केत कब्सा खाल्ला. एका थाळ्यात भात, वर मटण, भोवती आम्ही मांडी घालून. पहिला घास घेतला आणि हात आपोआप सालन शोधायला लागला. नाहीच! टोमॅटो-मिरचीचं दक्कूस तेवढं बाजूला, ते तर चटणीत जमा. मटणाचा रसच भातात जिरवलेला असतो. तर तिथं कोरड्यास हा शब्द लावू नका, लावायला जागाच नाही.

परभणी_बियाणे

भाषेचं मला कमी कळतं, धान्याचं बोलतो. इंजेराला भाकरी म्हणावं का यावरही कुणीतरी येणारच, म्हणून आधीच सांगतो. थापत नाहीत, पापुद्रा सुटत नाही, फुगत नाही. भाकरी नव्हे. जवळचं काही असेल तर आंबोळी किंवा धिरडं, जाळीमुळं. पण धिरडं आंबवावंच असं नाही आणि इंजेरा आंबवल्याशिवाय होत नाही.

शेजारच्या सुदानात किसरा असते, आंबवलेल्या ज्वारीच्या पिठाची, कागदासारखी पातळ. ज्वारीचं मूळच त्या भागातलं, पूर्वोत्तर आफ्रिकेतलं. तिथून ती आपल्याकडं आली आणि इथं आपण ती थापायला लागलो. आंबवायचं आपण सोडलं असं मात्र नाही. लातूर-धाराशिवकडं वेळ अमावस्येला शेतात जी आंबील नेतात ती ज्वारीचं पीठ आंबवूनच होते. तेव्हा या जेवणाला आपला शब्द लावला तर धान्याची तरी हरकत नसावी.

पेठेतला

ठीक, पटलं. आता शिरोचं सांगा. फोटोत तर पिठलंच दिसतंय. मग सरळ पिठलं लिहा की.

केमिस्ट_लातूर

हीच चूक तिथं गेलेला प्रत्येक मराठी माणूस करतो. दिसतं तसंच, पण करायची रीत वेगळी. पिठल्यात बेसन साधं असतं, चव येते ती फोडणीतून. शिरोचं पीठ आधीच तयार असतं : हरभरा किंवा बाकला (मोठ्या वालासारखं कडधान्य) भाजून, मिरची-मसाला घालून दळलेलं, डब्यात भरून ठेवलेलं. लागेल तेव्हा पाण्यात घालून शिजवायचं. आता मराठवाड्यात असा डबा कशाचा असतो?

परळीची_सून_सोल

येसर!

केमिस्ट_लातूर

येसरच. धान्य-डाळी भाजून, मसाला घालून दळून ठेवायचं आणि पाहुणे आले की आमटीला लावायचं. आमच्या घरमालकिणीच्या फळीवर शिरोचा डबा बघितला, बोट बुडवून चाखलं आणि म्हटलं हे येसर आहे, जिरं जरा मागं राहिलंय एवढंच. आता लेखात 'शिरो, म्हणजे तिथली येसर आमटी' असं लिहिलंय. घट्ट केलं तर पिठल्याकडं झुकतं, ते कबूल.

वोतचा कांदाही बघण्यासारखा. बारीक चिरून पातेल्यात तेलाशिवाय टाकतात आणि मंद आचेवर पार मऊ होईपर्यंत हलवत बसतात. तेल किंवा मसाला घातलेलं तूप नंतर. बर्बरे, म्हणजे लाल मिरची-मेथीचा त्यांचा मसाला, त्यानंतर. घाई करणाऱ्या बाईचं वोत लगेच ओळखू येतं असं घरमालकीण म्हणायची. शाकाहारी माणसानं काळजी करू नये. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोक बुधवारी-शुक्रवारी आणि ईस्टरआधी ५५ दिवस उपास धरतात, त्यात मांस, अंडं, दूध, तूप काही नाही. 'त्सोम' म्हणून सांगायचं, म्हणजे इंजेरावर नुसत्या डाळी-भाज्यांची नक्षी येते.

मांजराकाठ

उरलेल्या इंजेराचं काय करतात?

केमिस्ट_लातूर

तुकडे करून बर्बरेच्या रश्श्यात परततात. फिरफिर म्हणतात, सकाळी खातात. मी तिला फोडणीची भाकरी म्हटलंय आणि आश्चर्य म्हणजे ते संपादकांनी ठेवलं.

अजून एक अडलंय. गुर्शा. समोरच्यानं आपल्या हातानं घास करून तुमच्या तोंडात घालायचा. नाही म्हणायचं नाही, आणि घास जेवढा मोठा तेवढी माया जास्त. मी 'घास भरवणे' लिहिलं होतं, पण वाचताना लहान लेकरू नाहीतर लग्नातली नवरा-नवरी दिसते. तिथं कारखान्यातला फिटर फोरमनला गुर्शा देतो.

नांदेडी_दखनी

'घास देणे' लिहा. भरवणं लेकराला, देणं बरोबरीच्याला. आमच्याकडं दावतीत एका थाळ्यात बसलेले दोस्त चांगला बोटीचा तुकडा असाच उचलून देतात.

पेठेतला

पण 'घास देणे' म्हटलं की पितरांचा कावळा येतो डोळ्यापुढं. गाईलाही घास देतात.

मांजराकाठ

हे बरोबर बोलले. मग गुर्शा तसंच ठेवा आणि पहिल्यांदा अर्ध्या ओळीत समजावून सांगा. सगळ्यालाच आपला शब्द हवा असा हट्ट नको. कोरड्यास जुळतं म्हणून घ्यायचं.

केमिस्ट_लातूर

तसंच करतो. संपादकांना तुमची मतं कळवतो. तेवढं व्याकरण सांगा, त्यांनी तेही विचारलंय : अनेकवचन 'कोरड्यासं' की 'कोरड्यासे'?

मांजराकाठ

ते कोरड्यास, ती कोरड्यासं. लेखी प्रमाण हवं तर 'कोरड्यासे' करू द्या, बोलताना कुणी म्हणत नाही. कोरड्यासात मीठ कमी, कोरड्यासाला फोडणी, असं चालतं. आणि 'कोरड्यास' ही चतुर्थी समजून कुणी 'कोरड्याला' करून ठेवलं, तर प्रूफ परत पाठवा.