1:1000 एंटरप्राइजच्या प्रतिकृतीत कमी खर्चात एलईडी कसे बसवावेत?

गगनविहारी:
नमस्कार मंडळी. ‘स्टार ट्रेक’च्या मूळ मालिकेतील एंटरप्राइज या अंतराळयानाचा, पोलर लाइट्स या कंपनीचा 1:1000 प्रमाणातला प्लास्टिकचा संच मी जोडायला घेतला आहे. यान जेमतेम 29 सेंटिमीटर लांब असून बशी आणि धड अजून चिकटवलेले नाही. बशीच्या कडेच्या खिडक्या, डावीकडचा तांबडा व उजवीकडचा हिरवा दिवा आणि दोन्ही इंजिनांच्या टोकांचे नारिंगी घुमट उजळावेत, अशी इच्छा आहे. पण तयार प्रकाशसंच परदेशातून मागवायचा तर तो प्रतिकृतीपेक्षाही महाग पडतो. दिवाळीत मिळणाऱ्या तांब्याच्या तारेच्या बारीक माळा कापून वापरता येतील का, की सुटे एलईडी घेणे बरे? सोल्डरिंग मला कामापुरतेच येते.

ओहमकार:
माळ वापरता येते, मात्र ती कापताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. अशा बहुतेक माळांतले सगळे दिवे समांतर जोडलेले असतात आणि सर्वांना मिळून सेलच्या डबीत एकच रेझिस्टर (प्रवाहाला आवर घालणारा भाग) असतो. 20 दिव्यांची माळ कापून 5 दिवे ठेवले, तर एकूण प्रवाह फारसा कमी होत नाही आणि उरलेल्या प्रत्येक दिव्याच्या वाट्याला जवळजवळ चौपट प्रवाह येतो. म्हणून दिवे कमी केले की त्याच हिशेबाने रेझिस्टर वाढवावा. शिवाय माळेत रंग निवडता येत नाहीत, तेव्हा ती फक्त बशीच्या आत पांढऱ्या उजेडासाठी ठेवावी, असे माझे मत आहे.

रंगीत दिव्यांसाठी सुटे एलईडी घ्या. पुण्यात असाल तर बुधवार पेठेत आणि मुंबईत असाल तर लॅमिंग्टन रोडला ते काही रुपयांत मिळतात. मोबाइल चार्जरचे 5 व्होल्ट पुरेसे आहेत. पांढऱ्या एलईडीला साधारण 3.1 व्होल्ट लागतात, म्हणजे उरलेल्या 1.9 व्होल्टला 5 मिलिअँपिअरने भागले की 380 ओहम येतात. बाजारात 390 चा रेझिस्टर मिळतो. तांबड्याला 2 व्होल्टच लागतात, त्यामुळे त्याला 680 चा लावावा. हिरव्यात जुना पोपटी छटेचा एलईडी 2 व्होल्टच्या आसपास आणि गडद हिरवा 3 च्या आसपास चालतो, तेव्हा दुकानदाराला विचारून घ्यावे. तांबडा आणि पांढरा एकाच रेझिस्टरवर समांतर जोडू नये, कारण तांबडा बहुतेक सगळा प्रवाह ओढून घेतो आणि पांढरा पेटतच नाही. एलईडीच्या माहितीत 20 मिलिअँपिअर दिलेले असले, तरी एवढ्या लहान यानात 5 सुद्धा पुष्कळ होतात.

सांधेबंद:
विजेचा हिशेब वर आलाच आहे. पण अशी प्रतिकृती बिघडते ती बहुधा उजेड नको तिथून फुटल्यामुळे. संचाचे पांढरे प्लास्टिक, म्हणजे पॉलिस्टायरीन, इतके अर्धपारदर्शक असते की आत दिवा लागला की सगळी बशी कंदिलासारखी उजळते आणि खिडक्या दिसेनाशा होतात. त्यासाठी आतून आधी काळ्या रंगाचे दोन हात द्यावेत आणि ते वाळल्यावर त्यावर पांढऱ्याचा एक हात द्यावा, म्हणजे काळा उजेड अडवतो आणि पांढरा तो खिडक्यांकडे परतवतो. नंतर अंधाऱ्या खोलीत दोन्ही भाग दाबून धरून दिवा लावून पाहावा, कारण सांध्यातून निघालेली उजेडाची रेघ बाहेरून रंगवून सहसा झाकत नाही. त्या जागी आतून ॲल्युमिनियमची चिकटपट्टी लावावी, मात्र ती उघड्या तारांना टेकू देऊ नये.

खिडक्यांना 0.5 मिलिमीटरच्या ड्रिलने हाताने भोके पाडून त्यांत त्याच जाडीचा प्रकाशतंतू (एका टोकाचा उजेड दुसऱ्या टोकाला नेणारा बारीक पारदर्शक धागा) ओवावा, टोक थोडे बाहेर ठेवावे आणि रंगकाम संपल्यावरच ते पृष्ठभागालगत कापावे. तंतू झटपट गोंदाने (सुपर ग्लूने) चिकटवू नयेत. त्याने ते ठिसूळ होऊन मोडतात आणि गोंदाच्या वाफेने पारदर्शक भागांवर पांढुरका थर बसतो. साधा पांढरा फेविकॉल उत्तम.

गगनविहारी:
दोघांचेही आभार. इंजिनांपर्यंत तार नेण्याचा प्रश्न उरतोच, कारण त्यांना धरणारे दांडे फारच बारीक आहेत. आणि चार्जरऐवजी पॉवर बँक चालेल का?

ओहमकार:
मोटार रिवाइंडिंगच्या दुकानातून 0.1 मिलिमीटरची इनॅमल केलेली, म्हणजे वीजरोधक लेप दिलेली, तांब्याची तार घ्या. दांड्याच्या आतल्या, कमी दिसणाऱ्या बाजूला पात्याने उथळ खाच पाडून दोन तारा त्यात बसवाव्यात आणि वरून पुट्टी भरून घासून घ्यावी. सोल्डरिंगपूर्वी टोकांवरचे इनॅमल पात्याने खरवडावे लागते, नाहीतर सोल्डर धरतच नाही. जोडकाम यानाच्या बाहेर टेबलावरच उरकावे. पॉलिस्टायरीन 100 अंशांच्या आसपास मऊ पडते आणि सोल्डरिंगचे टोक 300 च्या वर असते. घुमटांसाठी मेणबत्तीसारखे लुकलुकणारे नारिंगी एलईडी वापरलेत, तर वेगळ्या सर्किटविना हालता उजेड मिळेल; मालिकेत दिसतो तसा फिरता परिणाम हवा असेल, तर 555 (ठराविक वेळाने ठोके देणारी) आणि 4017 (त्या ठोक्यांवर दिवे एकामागून एक लावणारी) या दोन आयसींचे, म्हणजे चिपचे, सर्किट स्टँडच्या बैठकीत सहज मावते.

पॉवर बँकेचे म्हणाल, तर तुमचे सगळे दिवे मिळून 50 मिलिअँपिअरच्या आसपासच घेतील आणि प्रवाह एवढा कमी असला की पुष्कळशा पॉवर बँका फोन भरला असे समजून आपोआप बंद होतात. चार्जरच ठेवा, किंवा बैठकीत तीन पेन्सिल सेल बसवा, मात्र 4.5 व्होल्ट धरून रेझिस्टर पुन्हा काढावे लागतील, म्हणजे पांढऱ्याला 270 आणि तांबड्याला 510 ओहम.