बेंगलोरचे 1 कोटी घ्यावेत की शेजारच्या काकांचे 25 लाख?

वाळूवाला, उद्यमबाग
नमस्कार मंडळी. मी आणि माझा मित्र फाउंड्रीच्या (धातू ओतायच्या कारखान्याच्या) मोल्डिंगच्या, म्हणजे साच्याच्या, वाळूतली ओल मिक्सरवरच मोजणारं यंत्र बनवतो. ओल जास्त झाली की कास्टिंगला, म्हणजे ओतलेल्या मालाला, ब्लोहोल (वायूची भोकं) पडतात, माल रिजेक्ट. आमचे वडील अजून मुठीत वाळू दाबूनच सांगतात, आणि खोटं कशाला बोलू, बहुतेकदा बरोबर सांगतात. आजवर 11 यंत्रं बसवली, बेळगावात मच्छे, उद्यमबाग आणि कोल्हापूरला शिरोलीत.

आता बेंगलोरचा एक फंड कंपनीच्या 20 टक्के हिश्श्याला 1 कोटी द्यायला तयार आहे. इकडे एक रिटायर फाउंड्रीवाले काका 8 टक्के हिश्श्याला 25 लाख म्हणतात. फंडवाल्यांनी अर्ध्या तासाच्या कॉलवर 'बाजार केवढा?' तीनदा विचारलं, वाळूचं नाव नाही. काकांनी बसल्या बसल्या विचारलं, "प्रोबला बेंटोनाइट चिकटतंय, ते पुसणार कोण?" प्रोब म्हणजे यंत्राचं वाळूत राहणारं टोक, बेंटोनाइट म्हणजे वाळू बांधून ठेवणारी चिकणमाती. आमचं दुखणं तेच आहे बघा! पण 25 लाखात किती दिवस निघणार? डोकं चालेना झालंय.

खानापूर रोड
मी असाच एका फंडाचा पैसा घेतला होता. पुढची पैसे उभे करायची फेरी जमली नाही, आणि फंडाच्या साहेबांचा फोन लागायचा बंद झाला. चूक माझी. त्यांनी दिलेल्या दोन नंबरांवरच मी चौकशी केली. सोयरीक करताना मुलाकडच्यांनीच सांगितलेल्या पाहुण्याला कोण विचारतं का? या फंडाच्या बंद पडलेल्या कंपन्यांचे मालक शोध. पैसे संपत आले तेव्हा हे कसे वागले, एवढंच विचार.

आणि बाजार का विचारतात ते सांगतो. फंडाचा पैसाही दुसऱ्याचाच, साधारण 10 वर्षांत वाढवून परत करायचा. समज फंड 200 कोटींचा आहे. तुझी कंपनी 40 कोटीला गेली आणि तोवर नवे गुंतवणूकदार येऊन त्यांचा हिस्सा 12 टक्क्यांवर आला, तर त्यांना 4 कोटी 80 लाख. तुझ्या घरात दिवाळी, त्यांच्या वहीत चिल्लर. मग तू विकायला निघालास की ते आडवे येणार. काकांना तेवढ्यात आनंद आहे.

सीए, टिळकवाडी
टक्क्यांवर भांडण्याआधी टर्मशीटमधलं (सौद्याच्या अटींच्या कागदातलं) लिक्विडेशन प्रेफरन्सचं कलम वाचा, म्हणजे कंपनी विकली तर आधी पैसे कोणाला ते. 'पार्टिसिपेटिंग' लिहिलं असेल आणि कंपनी 3 कोटींना विकली, तर ते आधी आपला 1 कोटी उचलतात, वर उरलेल्या 2 कोटींचे 20 टक्के. म्हणजे 1 कोटी 40 लाख. 'नॉन-पार्टिसिपेटिंग' असेल तर 1 कोटीवर विषय संपतो. या एका शब्दासाठी हट्ट धरा. काकांचे पैसे घेताना एंजल टॅक्सची (शेअर रास्त किमतीहून महाग दिले तर वरच्या रकमेवर कंपनीला लागणाऱ्या कराची) भीती आता नको, 2024 च्या बजेटमध्ये तो काढून टाकलाय. पण ओळखीतले म्हणून तोंडी व्यवहार करू नका. भिशी नाही ही.

वाळूवाला, उद्यमबाग
बंद पडलेल्या दोन कंपन्यांचे मालक सापडले. एकजण फार बोलला नाही. दुसरा म्हणाला, पगाराला पैसे उरले नव्हते तेव्हा फंडातल्या बाईंनीच त्याच्या चार पोरांना दुसरीकडे कामाला लावलं. हे मला अपेक्षित नव्हतं. त्याच बाईंना म्हटलं, पैशाचं नंतर, आधी वाळूत हात घालायला या. शुक्रवारी येतायत. काकांनाही बोलावलंय. वडील म्हणतात, आधी माझी मूठ, मग तुमचं यंत्र.